‘बदक काहीही खाते’ या समजुतीचा प्रतिवाद

परसात चार-सहा बदके पाळणाऱ्यांच्या फोनवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: बदक काहीही खाते, घरातले उरलेसुरले किंवा कोंबडीचे खाद्य त्याला चालते, दाराशी अझोल्याचा (पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक पाल्याच्या वनस्पतीचा) वाफा असला की विकतचे खाद्य लागतच नाही, आणि एवढे करूनही ते नखरे करत असेल, तर दोन दिवस उपाशी ठेवावे, मुकाट्याने खाईल.

यातील शेवटचा उपाय सर्वांत घातक आहे, म्हणून आधी त्याचाच विचार करू. बदकाच्या तोंडात चव ओळखणाऱ्या कलिका काही शेच असतात. स्पर्श ओळखणाऱ्या पेशींची मात्र चोचीच्या टोकाशी आणि कडांना दाटी असते, कारण गढूळ पाण्यात आणि चिखलात भक्ष्य चाचपून शोधणारा हा पक्षी आहे. त्यामुळे आपण ज्याला नखरा म्हणतो, तो बहुतेक वेळा खाद्याच्या पोताविषयी असतो. पिठासारखा कोरडा भरडा ओल्या चोचीला चिकटतो, त्याचा लगदा नाकपुड्यांत बसतो, आणि चोच धुवायला जवळ पाणी नसेल तर बदक दोन घास घेऊन बाजूला होते. तोच भरडा मुठीत वळेल इतपत ओला करून द्यावा आणि नाकपुड्या बुडतील इतके खोल पाणी शेजारी ठेवावे. पुष्कळशा ‘नखरेल’ बदकांचा प्रश्न एवढ्यावर मिटतो. दुसरे कारण अनोळखीपणाचे असते. लहानपणापासून तांदळाच्या कणीवर वाढलेल्या बदकाला गोळी खाद्य हे खाण्याचे आहे हेच कळत नाही, आणि म्हणून बदल आठ-दहा दिवसांत, जुन्या खाद्यात नवे थोडे थोडे मिसळत करावा लागतो. अंडी देत असलेल्या खाकी कॅम्पबेल जातीच्या मादीला उपास घडवला, तर ती अंडी थांबवते आणि पिसे गाळू लागते. मग खाद्य सुरू केले तरी ती अंड्यावर परत यायला आठवडे जातात. पिल्लांना तर पहिले आठ आठवडे खाद्य सतत उपलब्ध असावे लागते. त्यांच्यावर हा प्रयोग करणे निव्वळ क्रौर्य आहे.

कोंबडीच्या खाद्याविषयीचे विधान अर्धे खरे आहे. मोठे बदक त्यावर निभावून नेते, परंतु पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व बरेच जास्त लागते: किलोभर खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम, तर कोंबडीच्या पिल्लाला ३० च्या आसपास. ते कमी पडले की गुडघ्यासारखा दिसणारा सांधा सुजतो, पाय वाकतात आणि पिल्लू फेंगडे चालू लागते. मक्यातील नायसिन पचनात फारसे सुटत नाही, त्यामुळे नुसत्या मका-भरड्यावर ठेवलेली पिल्ले आधी अधू होतात. खाद्यात यीस्टची पूड मिसळणे हा साधा उपाय आहे. कोकणात मीठ न लावलेली सुकटही कामी येते.

नायसिन भरपूर असलेला आणखी एक पदार्थ म्हणजे शेंगदाण्याची पेंड, आणि ‘उरलेसुरले काहीही’ हा सल्ला नेमका तिथेच जिवावर बेततो. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, बदकांची पिल्लेही मेली, आणि शोध घेतल्यावर दोष ब्राझीलहून आलेल्या बुरशीयुक्त शेंगदाणा पेंडीत सापडला. अफ्लाटॉक्सिन हे विष त्यातूनच जगाला ठाऊक झाले. बदकाचे पिल्लू त्याला इतके हळवे असते, की पुढे या विषाची तपासणी करण्यासाठी त्याचाच वापर होऊ लागला. पावसाळ्यात दमट पडवीत ठेवलेली पेंड, कुबट वास येणारा मका किंवा बुरशीचा ठिपका दिसलेला पाव ‘बदकाला चालतो’ असे म्हणणाऱ्याने हा इतिहास लक्षात घ्यावा. लोणची आणि खारट रस्से देऊ नयेत, हे वेगळे सांगायला नको.

अझोल्याचा हिशेब तर कागदावरच फसतो. त्यात प्रथिने वीस-पंचवीस टक्के असतात हे खरे, पण वाळवल्यावर. ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते, म्हणजे किलोभर अझोल्यातून जेमतेम पंधरा ग्रॅम प्रथिने मिळतात. अंडी देणाऱ्या बदकाला दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास हवीत. ती केवळ अझोल्यातून भागवायची, तर दोन किलो वजनाच्या पक्ष्याने रोज दीड किलोहून अधिक पाला गिळायला हवा! शिवाय अंड्याच्या कवचाला लागणारे कॅल्शियम त्यातून पुरेसे येत नाही; त्यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे अंड्यावरची मादी हवा तेवढा टिपते आणि नर व पिल्ले यांच्या पोटात तो उगीच जात नाही.

जोडखाद्य म्हणून अझोला उत्तम आहे, आणि कोवळा पाला, गोगलगायी, गांडुळे, भातकापणीनंतर शेतात सांडलेले दाणे हेही बदकाचे हक्काचे खाणे आहे. एवढ्यापुरता तो सल्ला बरोबर आहे. मात्र दिवसभर चरून आलेले बदक संध्याकाळी भांड्याकडे पाठ फिरवत असेल, तर आधी त्याच्या गळ्याखाली हात लावून पाहावा: अन्ननळी भरलेली लागली, तर ते जेवूनच आलेले असते.