लाल दिव्याची होडी

अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाने बंदरावरची मुलगी करू नये. केलीच, तर तिला ट्रॉलरवाला भाऊ नसावा. असलाच, तर आपण काय शिकवतो हे त्याला कळू देऊ नये. माझ्या पत्रिकेत हे तिन्ही योग जुळून आले आहेत. त्यामुळे हर्णै बंदरात कुठंही काही पेटायचं थांबलं की ‘भावोजींना बोलवा, ते विजेचं शिकवतात’ असा ठराव एकमताने पास होतो. शिकवणं वेगळं आणि दुरुस्त करणं वेगळं, हे मी सासुरवाडीत वारंवार सांगून पाहिलं. त्यांना तो माझा विनय वाटतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात. या दोन महिन्यांत त्यांना रंग लागतो, जाळी सांधली जातात, इंजिनाचं तेल बदलतं, नावाच्या अक्षरांना नवा सोनेरी काठ येतो. दिव्यांची आठवण मात्र ३० जुलैला संध्याकाळी, भर पावसात होते.

“भावोजी, लाल लागत नाय,” मेव्हणा फोनवर म्हणाला.

“कुठला लाल?”

“डावा. लाल डावाच असतो. तुम्ही शिकवता ना?”

आता हे बारावीच्या पुस्तकात नाही. पण मला माहीत होतं, कारण त्यातला हिशेब मला फार आवडतो. समुद्रावर टक्कर होऊ नये म्हणून १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले आणि १९७७ पासून लागू झाले, त्यांत डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा सांगितला आहे. प्रत्येकाचा उजेड नेमक्या ११२.५ अंशांत पडला पाहिजे. मागच्या पांढऱ्याचे १३५ अंश. बेरीज केली की बरोबर ३६० येतात, कुठं फट नाही, कुठं ओव्हरलॅप नाही. वर काठीच्या माथ्यावर आणखी एक पांढरा, पुढच्या बाजूला २२५ अंशांत दिसणारा. आपल्याला आडवा जाणाऱ्या बोटीचा लाल दिसला तर बाजू आपण द्यायची. हिरवा दिसला तर तिने. म्हणजे ज्याचा लाल गेला, त्याला बाजू द्यायचं कुणाच्या लक्षातच येणार नाही. देशात लाल दिव्याच्या गाड्या २०१७ साली बंद झाल्या. लाल दिव्याच्या बोटी मात्र अजून सक्तीच्या आहेत आणि त्यांचा मान खरोखर उपयोगाचा आहे.

मी छत्री आणि मल्टीमीटर घेऊन खाडीवर पोचलो तेव्हा बोटीवर सभा भरलेली होती. मेव्हणा, बोट चालवणारा म्हातारा तांडेल, तीन खलाशी, शेजारच्या दोन बोटींचे मालक आणि डिझेलचे पैसे मागायला आलेला एक गृहस्थ. बल्ब बदलून झाला होता. फ्यूज बदलून झाला होता. नवा बल्बही खराब निघाला असेल म्हणून तोही बदलून झाला होता. मग कुणीतरी बॅटरीवर संशय घेतला आणि शेजारच्या बोटीची बॅटरी उचलून आणली. हिरवा लखलखीत लागत होता, म्हणजे बॅटरी निर्दोष होती, हे उघड होतं. पण दोन माणसांनी उचलायची वस्तू उचलली की काम पुढं सरकल्यासारखं वाटतं.

एक खलाशी केबिनच्या छपरावर चढला आणि त्याने एक सणसणीत चापट मारली. लाल दिवा क्षणभर लागला आणि गेला. त्या एका क्षणाने तो खलाशी त्या रात्रीपुरता तज्ज्ञ झाला. पुढं मी काहीही सुचवलं की तो म्हणायचा, “पण माझ्या हातानं लागला होता.”

मी बल्ब काढून होल्डरमध्ये मल्टीमीटरच्या दोन्ही सळ्या टेकवल्या. १२.६ व्होल्ट. पूर्ण. मी आकडा मोठ्याने वाचून दाखवला. बल्ब लावला. अंधार. सगळे माझ्याकडे बघू लागले. जणू मीच होल्डरपर्यंत वीज आणून पुढं अडवून धरली होती.

यात मल्टीमीटरचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. तो पाणीसुद्धा नको म्हणणारा पाहुणा आहे. यजमानाच्या घरात दाणा आहे की नाही, हे त्याला कळायची सोय नाही. मल्टीमीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे सडलेल्या, केसाएवढ्या धाग्यावर टिकलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. जेवायला बसतो तो बल्ब. म्हणून बंदरावरचे वायरमन मल्टीमीटर खिशात ठेवून ट्रकच्या इंडिकेटरचा बल्ब आणि दोन वायरी असा टेस्ट लॅम्प वापरतात. त्यांचं बरोबर आहे. त्या संध्याकाळी बंदरावरचा वायरमन मात्र लग्नाला गेला होता. जुलैत कोण लग्न करतं, हे मी विचारलं नाही.

बटण दाबायला केबिनमध्ये मेव्हण्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला बसवलं होतं. तो बराच वेळ काहीतरी सांगत होता आणि प्रत्येक वेळी त्याला कुणी ना कुणी ‘गप’ म्हणत होतं. शेवटी तो ओरडला, “आतोबा, लालचं बटण दाबलं की कंपासचा दिवा लागतो!”

सभा हसली. मी हसलो नाही, कारण माझ्या अंगावर काटा आला होता. एक वॅटचा आणि दहा वॅटचा असे बल्ब एकसरीत जोडले तर जास्त कोणता उजळेल? या प्रश्नाला वर्गातली निम्मी मुलं छातीठोकपणे ‘दहा वॅटचा’ म्हणतात. एकसरीत करंट सगळीकडे सारखाच. रोध ज्याचा मोठा, व्होल्ट त्याच्या वाट्याला जास्त. आणि रोध मोठा असतो बारक्या बल्बचा. इतकी वर्षं फळ्यावर काढलेलं ते चित्र कुणीतरी माझ्यासाठी बोटीवर वायरींनी काढून ठेवलं होतं.

मी मान वर केली. माथ्यावरचा पांढरा दिवा लावायला सांगितला. तोही लागला नाही. तो किती दिवस बंद होता कोण जाणे! बंदरावरचा माणूस सवयीने पाण्याकडे बघतो, काठीच्या टोकाकडे बघायला त्याला वेळ नसतो.

मग सगळं जुळलं. लाल आणि पांढरा यांच्या निगेटिव्ह वायरी केबिनच्या छपरामागे एका जोडात मिळत होत्या आणि तिथून एकच वायर खाली बॅटरीकडे जात होती. हिरव्याची वायर मधे कधीतरी बदलताना निराळ्या वाटेने नेलेली, म्हणून तो सुखरूप. खाली जाणारी वायर तुटल्यावर लालमधून आलेल्या करंटला परतीची वाट उरली नव्हती. तेव्हा तो काठीवर चढला, पांढऱ्या बल्बमधून उलटा गेला, पांढऱ्याच्या बटणाकडे उतरला आणि तिथंच कुणीतरी जोडून ठेवलेल्या कंपासच्या इवल्या बल्बमधून घरी पोचला. बारा व्होल्टांपैकी दहाच्या वर त्या इवल्याने खाल्ले. दोन्ही मोठ्यांना एकेकसुद्धा धड मिळाला नाही.

हे मी सभेला समजावून सांगितलं. तांडेलाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे बल्ब खराब ना, मास्तर?”

तो जोड एका प्लास्टिकच्या तंबाखूच्या डबीत होता. झाकणाला एम-सील, एम-सीलवर ऑइल पेंट, पेंटवर पुन्हा एम-सील. आत तीन-चार पिढ्यांच्या वायरी. निगेटिव्हला काळी वायर असा रिवाज; इथली निगेटिव्ह पिवळी होती, कारण जोडणाऱ्याकडे त्या दिवशी पिवळीच होती. मी तिला हात लावला आणि ती बोटांत आली. टोकाला तांबं नव्हतंच, हिरवा कळंक होता. खारं पाणी वायरीच्या प्लास्टिकखालून आत सरकत जातं. मी टोक कापत गेलो, तर हातभर आतपर्यंत तार काळी. तिच्यावर सोल्डर चिकटणं शक्यच नाही. कथिलाचा मुलामा दिलेली बोटीची वायर खूप जास्त टिकते, पण ती महाग. आणि साधी वायर घरात असताना महाग वायर आणणं हा सासुरवाडीत उधळेपणा समजला जातो. मी तो केला. नवी वायर खालपर्यंत ओढली, सोल्डर केलं, वरून गरम करून आवळणारी नळी चढवली आणि सगळं ग्रीसमध्ये बुडवून नव्या डबीत बंद केलं. एका खलाशाने डोक्यावर छत्री धरली होती. तिचं पाणी नेमकं माझ्या मानेवर पडत होतं. छत्री जरा सरकव म्हटलं की तो स्वतःच सरकायचा.

दिवा लागला. पांढराही लागला. लालच्या बटणाने कंपासचा लागायचा मात्र थांबला, यावर मुलगा थोडा खट्टू झाला. “बघा,” चापटवाला खलाशी म्हणाला, “मी पहिल्यांदाच दाखवलं होतं कुठं आहे ते.” आणि खरं सांगायचं तर त्याची चापट पडली होती ती त्या डबीच्या वीतभर अंतरावरच. घरी सासूबाईंनी बोललेला नारळ वाढवला आणि श्रेयाचा उरलेला भागही तिथंच वाटून संपला. मला डबाभर सुके बोंबील मिळाले.

नारळी पौर्णिमेला सहकुटुंब बंदरावर गेलो. मेव्हण्याच्या बोटीवर पुढच्या टोकाच्या नाळेपासून काठीपर्यंत आणि काठीपासून मागपर्यंत निळ्या-पिवळ्या-गुलाबी एलईडींच्या माळा उघडझाप करत होत्या. त्यांत आमचा लाल शोधायला मला वेळ लागला. नियमांत हेही लिहिलंय की ठरवलेल्या दिव्यांशी घोटाळा होईल असे दुसरे दिवे लावू नयेत. मी तांडेलाला तसं म्हणालो.

“मास्तर,” तो म्हणाला, “लाल-हिरवा तर सगळ्यांकडंच असतो. रात्री आमची बोट ओळखायची कशी?”

मी मेव्हण्याला गाठलं. “एवढ्या माळांना सप्लाय कुठून घेतलास?”

“कुठून म्हणजे? तुम्ही नवी डबी बसवलीत ना, तिच्यातूनच,” तो खुशीत म्हणाला. “आणि खर्च काहीच नाय, भावोजी. ती पिवळी वायर उरली होती.”