घरी बसून मानसशास्त्र

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी जुनीच बातमी पुन्हा टाकली. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, दूरशिक्षणातून मानसशास्त्र शिकवणं बंद केलं ती, २०२५च्या ऑगस्टमधली. त्याखाली आमच्याच विंगमधले एक काका लिहितात, "बरं झालं. घरी बसून वेड्यांचे डॉक्टर व्हायला निघाले होते सगळे." आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यातल्या काहींच्या घरी मी चहा प्यायलेली आहे.

मी इग्नू या मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्रात एमए करतेय हे ग्रुपवर बहुतेकांना माहीत आहे. माझा प्रवेश आधीचा, म्हणून माझं चालू आहे. दोन वर्षांचा कोर्स चार वर्षांत पुरा करायची मुभा असते आणि मी ती पुरेपूर वापरणार आहे. नोकरी आहे, घर आहे, ऐंशी पार केलेले वडील आहेत. बावन्नाव्या वर्षी मला कुठलं कॉलेज दहा ते पाच वर्गात बसवून घेणार होतं, ते काकांनीच सांगावं.

एक आधीच मान्य करून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये कुणी ऐकवायला नको. नुसती पुस्तकं वाचून कुणी पेशंट तपासू नये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, ती माझ्या डिग्रीवर मिळत नाही आणि मिळूही नये. झालं? आता पुढे.

मला दवाखाना काढायचाच नाहीये. मला माझी आत्या समजून घ्यायची होती.

ही आत्या सासरहून परत पाठवलेली. कराडजवळ आमचं गाव, साल १९८०च्या आसपासचं. शेजारची बाई पिठात काहीतरी कालवते, असं तिच्या मनाने घेतलेलं. रात्री आडाजवळ उभी राहून कुणाशी तरी भांडायची, समोर कुणी नसायचं. भरलेल्या ताटाला हात लावायची नाही. मग माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तिच्या ताटातला पहिला घास स्वतः खायचे, थोडा वेळ तिच्यासमोर बसून राहायचे, आणि मग ती जेवायची. रोज. देवरुषी झाले, उतारे झाले, अमावास्या-पौर्णिमा झाल्या. घरात कार्य निघालं की पाहुण्यांसमोर नको म्हणून तिला गोठ्याशेजारच्या खोलीत घालून बाहेरून कडी. बाहेरची बाधा आहे, एवढंच आम्हा पोरांना सांगितलेलं. मी बारावीत असताना ती गेली.

सायकोपॅथॉलॉजीचा, म्हणजे मनोविकारांचा पेपर आला आणि रात्री ओटा आवरून झाल्यावर स्वयंपाकघरातच स्किझोफ्रेनियाचं प्रकरण उघडलं. कुणीतरी आपल्या वाईटावर आहे, अन्नात विष घालतंय असा पक्का ग्रह. इतरांना ऐकू न येणारे आवाज. लक्षणं ओळीने छापलेली आणि प्रत्येक ओळीत आत्या. तेवढंही मी सोसलं असतं. पण पुढे औषधांचा इतिहास निघाला. क्लोरप्रोमाझिन हे औषध १९५२ साली पॅरिसच्या मनोरुग्णालयात वापरायला लागले. म्हणजे आमच्या घरी त्या खोलीला कडी लागत होती तेव्हा औषध येऊन जवळजवळ तीस वर्षं झाली होती! कराडहून पुण्याला एसटी होती. येरवड्याला सरकारी मनोरुग्णालय होतं. आमच्या घरात येरवडा हा शब्द फक्त पोरांना दटावायला वापरायचे.

पुस्तक मिटलं ते पावसाळा संपेपर्यंत उघडलं नाही. वर्गात असते तर सर सोमवारी पुढच्या प्रकरणावर गेले असते आणि मी मान खाली घालून नोट्स उतरवल्या असत्या. इथे मला थांबता आलं. आपल्या वेगाने शिकणं म्हणजे आळशी लोकांची सोय, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आपल्याच घरातल्या माणसावरचं प्रकरण वाचून बघावं आणि मग सांगावं, त्यांचा वेग किती राहतो ते.

नंतर एका रविवारी वडिलांना ते सगळं मराठीत सांगत बसले. (आमची पुस्तकं इंग्रजीत.) ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे ती नाटक करत नव्हती." चाळीस-पंचेचाळीस वर्षं या माणसाच्या मनात ही शंका होती, आणि तरी तो रोज पहिला घास खात होता.

त्यांनी आणखी एक विचारलं. मी तो घास खायचो ते बरोबर होतं का? यावर पुस्तकाचं म्हणणं असं की त्या समजुतीशी वाद घालून उपयोग नसतो, तिला दुजोराही देऊ नये, आतल्या भीतीकडे लक्ष द्यावं. आता घास खाणं म्हणजे दुजोरा की धीर, हे मी कशाला ठरवू? मी म्हटलं, दादा, ती जेवत होती ना.

काका, हे मी घरी बसूनच शिकले. कारण आजार घरातच होता.

याच पेपरात जॉर्ज ब्राऊन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांचं काम आहे. लंडनमध्ये १९५०च्या दशकात त्यांनी पाहिलं की बरे होऊन घरी गेलेले रुग्ण पुन्हा आजारी का पडतात. पुढच्या अभ्यासांत दिसलं की ज्या घरात सतत टोमणे, राग, नाही तर जीव गुदमरेल इतकी काळजी, तिथे आजार जास्त उलटतो. म्हणजे नुसत्या डॉक्टरांच्या औषधावर नाही, घरातल्या जिभेवरही अवलंबून. मग हे शिकायचं कुणी? फक्त हॉस्पिटलातल्यांनी? पहिला घास खाणाऱ्यांना काहीच कळायला नको? आमच्या स्टडी सेंटरला एक निवृत्त हवालदार येतात, लॉकअपमध्ये पाहिलेली माणसं त्यांना अजून झोपू देत नाहीत. एक बाई येतात, त्यांचा मुलगा ऑटिस्टिक आहे. यातलं कुणी पाटी लावायला आलेलं नाही.

आणि वर्गाचं एवढं कौतुक असेल तर तेही ऐका. समलैंगिकता १९७३ पर्यंत अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत आजार म्हणून छापलेली होती. ती काय टपालाने शिकलेल्यांनी छापली होती?

बंदीमागचं कारण मला कळतं, अगदीच कळत नाही असं नाही. मानसशास्त्र २०२१च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याखाली येतं, आणि चार व्हिडिओ बघून समुपदेशक झालेल्यांचा सुळसुळाट मीही पाहते. पण मग पेशंट तपासायचा परवाना कडक करा ना. शिकायचं दारच का लावता? आम्हालाही प्रॅक्टिकल असतात, इंटर्नशिप असते, हाताने लिहून असाइनमेंट द्यायच्या असतात. अवघड करा, दुप्पट अवघड करा. पण त्या ऑटिस्टिक मुलाच्या आईसारख्या, एसटी धरून येणाऱ्या बायांनी आता कुठे जावं?

सकाळी जेवढी चिडले होते तेवढी आता नाही. काकांच्या घरातही कुणीतरी असेल, असं लिहिता लिहिता वाटायला लागलं. बहुतेक घरांत असतं. हसणाऱ्यांच्या तर हमखास.

तर जिला किंवा ज्याला ते प्रकरण वाचायचंय, त्याने रविवारी दुपारी आमच्याकडे यावं. मी मराठीत समजावून सांगेन, चहाही करेन. सासूचं, जावेचं, साहेबांचं निदान मात्र विचारू नका. सायकोडायग्नोस्टिक्सचा, म्हणजे निदानाचाच पेपर अजून डिसेंबरात आहे.