दोन बाय चारचा वनवास

हल्ली कुणाच्याही नव्या घरी गेलं की देवघराच्या आधी बाथरूम दाखवतात. तिथे दोन बाय चार फुटांच्या टाइल्स नसतील तर यजमान आपणहून खजील होतात, "हे जुनं काम आहे बरं का!" आमचंही जुनंच होतं. बारा बाय अठरा इंचांच्या फिक्कट निळ्या टाइल्स आणि अधूनमधून एकेक मासा. निम्मे मासे लावणाऱ्याने उलटे लावले होते, ते आल्यागेल्याला दिसायचे. भिंत वाकडी आहे हे मात्र इतक्या वर्षांत कुणाला कळलं नव्हतं. छोट्या टाइलचा हा मोठा गुण. भिंत जिकडे वळेल तिकडे ती निमूट वळते, दर सांध्यात थोडा थोडा बाक मुरवून टाकते. दोन बाय चार तसलं काही चालवून घेत नाही. भिंतीच्या पोटात खळगा असेल तर ती त्याच्यावर पूल टाकून उभी राहते आणि फुगा असेल तर त्यावर डुगडुगते.

दुकानदाराने यातलं अवाक्षर काढलं नाही. "सांधे कमी मॅडम, म्हणजे घासायचं कमी," या एका वाक्यावर माझी विकेट पडली. गुजरातच्या मोरबीचा माल, पेटीत दोनच नग, एकेक चौदा-पंधरा किलोचा.

शाळेला सुट्टी म्हणून काम मे महिन्यात काढलं. 'जगात जर्मनी, देशात परभणी' असं आम्ही अभिमानाने म्हणतो; मे महिन्यात त्या अभिमानाला घाम फुटतो. जुन्या टाइल्स फुटल्या, नवा गिलावा झाला, गिलावावाला पैसे घेऊन गेला आणि टाइल्सचे मिस्त्री आले. त्यांनी पिशवीतून ॲल्युमिनियमची लांब पट्टी काढली, जिला फंटी म्हणतात. ती भिंतीला आडवी लावली, मागे मोबाइलची बॅटरी धरली. फंटीखालून लख्ख उजेड आला.

"बगा मॅडम. एवढा उजेड तर आमच्या घरात लाइट असल्यावर बी पडत न्हाई."

मोठ्या टाइलला दहा फुटांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त चढउतार चालत नाही. ३ मिलिमीटर म्हणजे एक रुपयाची दोन नाणी एकावर एक. आमच्या फंटीखालून मिस्त्रींची करंगळी आरपार गेली. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण ज्याने केली त्याने टाइल्स लावून घेतल्या नसाव्यात. इथे अंगण खरोखरच वाकडं निघतं. टाइलवाला गिलावावाल्याकडे बोट दाखवतो. गिलावावाला फोनवर म्हणतो, वीटकामच ओळंब्यात नव्हतं. वीटकाम करणारा कुठे आहे ते कुणालाच माहीत नसतं. मी इतिहास शिकवते, पण इतकी शिस्तशीर कारणपरंपरा मला कुठल्याही युद्धाची सापडलेली नाही.

आता मामा पुढे सरसावले. माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले; उमेदीची वर्षं जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर गेली. घरात खिळा ठोकायचा असला तरी त्यांना डंपी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची ती दुर्बीण, आठवते. पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरून ते बाथरूमच्या दारात उभे राहिले.

"२०८ किलोमीटरचा कालवा आम्ही लेव्हलमध्ये आणला, अन् ह्यांना एक भिंत साधंना!"

"कालव्याला उतार लागतो," आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भिंतीला नाही."

मामा नळी गुंडाळून निघून गेले.

मिस्त्रींचा पहिला तोडगा लाडवांचा होता. टाइलच्या पाठीवर चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे चिकटवणीचे गोळे ठेवायचे आणि भिंतीवर दाबत सुटायचं. जिथे खळगा तिथे लाडू मोठा. वरून सगळं समतल दिसतं. आत मात्र लाडवालाडवांच्या मधे हवा राहते. पुढे कुणी टॉवेलचा दांडा बसवायला तिथेच ड्रिल लावलं की टाइल तडकते. मी नको म्हटल्यावर मिस्त्रींनी माझ्याकडे जरा आदराने आणि बराचसा रागाने पाहिलं. कारण दुसरा रस्ता एकच होता: आधी भिंत सरळ करायची. ओळंबा सोडून सिमेंटचे ठिय्ये, म्हणजे पातळीच्या खुणा, मारल्या, त्यांच्यामधे सिमेंटचा माल भरला, फंटीने ओढला. हे काम दिसत नाही, फोटोत येत नाही, आणि यात जितके दिवस जातात त्या प्रत्येक दिवशी आमचे हे ऑफिसातून येऊन विचारतात, "आज एकही टाइल लागली नाही?"

माल भरण्याआधी मिस्त्रींच्या पोराने गुळगुळीत गिलाव्यावर छिन्नीने टाक्या मारायला घेतल्या तेव्हा माझा जीव खालीवर झाला. तिकडे मिस्त्री शांत. "गुळगुळीत भिंतीला माल धरत न्हाई, मॅडम." दरवर्षी पोरांना अजिंठ्याला नेऊन मीच हे सांगते, की तिथला कातळ खडबडीत ठेवला म्हणून त्यावर भुसा आणि काड्या घातलेला मातीचा लेप बसला, त्यावर चुन्याचा हात फिरला आणि चित्रं उरली. पण ते लेणं. स्वतःच्या भिंतीवर छिन्नी पडताना विद्या कामाला येत नाही.

मग चिकटवणी. ही टाइल जवळजवळ पाणी पीतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती दाद देत नाही. गोणीतली ॲडहेसिव्हच लागते. दातेरी थापीने भिंतीवर सगळे दात एकाच दिशेला ओढायचे, टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा. ऐकायला सोपं आहे. पण परभणीच्या दुपारी भिंतीवर ओढलेल्या मालावर चहावर धरते तशी साय धरते. बोट टेकवून बघायचं. बोटाला लागला नाही तर तो माल मेला, खरवडून टाका. मिस्त्रींचा पोरगा बादलीतल्या मेलेल्या मालात पाणी घालून त्याला उठवायच्या बेतात होता. गोणीवर तसं करू नका असं छापलंय, हे मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "गोणी गुजरातमधी छापली असंल." शेवटी काम सकाळी सहाला सुरू करून ऊन तापायच्या आत थांबवायचं ठरलं. आमच्या घराने त्या उन्हाळ्यात अंघोळी शेजाऱ्यांकडे केल्या.

एवढं करून टाइल तरी सरळ असावी? दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून उभ्या केल्या तर टोकांशी बारीक फट दिसते. भट्टीतून येताना लांब टाइल मधे किंचित फुगते. कंपनीच्या हिशेबात तेवढं माफ असतं. इकडे ह्यांनी मोबाइलवर विटांच्या रचनेसारखं चित्र पाहून ठेवलेलं, एका टाइलचा सांधा दुसरीच्या बरोब्बर मधोमध. तसं केलं की एकीचा फुगा दुसरीच्या बसक्या टोकाशेजारी येतो आणि सांध्यावर नख अडकतं. "एक तृतीयांशाच्या पुढं सरकवू नका," मिस्त्री म्हणाले. हे म्हणाले, "चित्रात तर..." मिस्त्री म्हणाले, "मग चित्रच लावा भिंतीला." सांध्यावर सांधा ठरला.

क्लिपांचं मात्र मला कौतुक वाटलं. सांध्यात प्लास्टिकची क्लिप सरकवायची, तिच्यात पाचर घालून खास पकडीने आवळायची. शेजारच्या दोन टाइल्स मुकाट एका पातळीत येतात. दुसऱ्या दिवशी सांध्याच्या दिशेने लाथ घातली की क्लिप मोडून पडते. लाथ घालायला घरातले सगळे आले, मामासुद्धा. पण क्लिप फक्त शेजाऱ्यांची तोंडं जुळवते. भिंतच वाकडी असेल तर ती तो वाकडेपणा टाइल्समधे नीट वाटून देते, इतकंच.

भिंत झाली. मामांनी नख फिरवलं, आत्यांनी नाण्याने वाजवून पाहिलं, कुठेही ढबढब नाही. मिस्त्रींचा हिशेब चुकता करायचा म्हणून मी पर्स आणायला वळले, तेवढ्यात इलेक्ट्रिशियनने छताला भिंतीलगत बसवलेली लाइटची पट्टी लावून दाखवली. उजेड भिंतीला घासून खाली उतरला आणि ज्या सांध्यात नखालाही काही लागत नव्हतं तिथे कोळशाने ओढावी तशी काळी रेघ उमटली. मग दुसरी. मग तिसरी. बाथरूममध्ये कुणी बोलेना.

इलेक्ट्रिशियन म्हणाला पट्टी फूटभर पुढे घेतो, सावल्या जातील, वायरीचे वेगळे होतील. मिस्त्रींनी पैसे मोजून खिशात घातले, वर एकदा पाहिलं.

"कशाला खर्च करायलाव मॅडम? अंघोळ तर सकाळीच करता की तुमी."