भिंगाचा जांभळा, मावशीचा जांभळा

मराठवाड्यात लग्नं मे महिन्यातच का काढतात, हे मला माहीत आहे. शेतातली कामं उरकलेली असतात, पोरांना सुट्या असतात, वगैरे. पण तारीख धरताना गुरुजींपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना विचारतात, कॅमेऱ्याच्या भिंगाला कुणी विचारत नाही.

मावशीच्या लेकीचं लग्न परभणीजवळच्या गावात, घरापुढंच मांडव. मांडवाच्या नेमका मागं पाण्याचा टँकर. तो हलवा म्हणावं तर वऱ्हाडानं प्यायचं काय? मावसभाऊ म्हणाला, "दादा, मागचं तेवढं ब्लर कर की. स्टेटसला टाकायचंय." आता मागचं ब्लर करायचं म्हणजे लेन्सचं तोंड सताड उघडायचं, एफ १.८. तोंड बारीक करून एफ ५.६ वर ठेवलं, तर नवरीच्या मुंडावळ्यांच्या वर 'पिण्याचे पाणी' ही अक्षरं इतकी स्वच्छ येतात, की ते तिचं सासरचं नाव वाटावं.

म्हणून उघडलं. आणि भर बाराच्या उन्हात तोंड उघडलेली लेन्स जे करते ते तिनं केलं. जिथं जिथं पांढरंफेक आभाळ काळ्या कडेला टेकलं, तिथं जांभळी किनार. लिंबाच्या पानांना, मांडवाच्या नळ्यांना, नवरदेवाच्या शेरवानीच्या बटणांना. व्याह्यांच्या चष्म्याच्या काडीलासुद्धा.

यात लेन्सचा फारसा दोष नाही, असं आपलं माझं मत. काच निळा-जांभळा उजेड जास्त वाकवते, लाल कमी. मग सगळे रंग एका जागी येत नाहीत. न्यूटनची तर खात्रीच झाली होती, की भिंगाचा हा रोग बरा होणारा नाही. त्यानं भिंगाचा नाद सोडून १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण बनवली. पुढं १७३० च्या सुमारास चेस्टर मूर हॉल नावाच्या एका इंग्रज वकिलाला सुचलं, की दोन वेगळ्या जातीच्या काचांची भिंगं एकमेकांना लावली तर रंगांची भांडणं मिटतात. गुपित फुटू नये म्हणून, असं सांगतात, त्यानं एक भिंग एका दुकानात सांगितलं आणि दुसरं दुसऱ्या. दोन्ही दुकानदारांनी काम दिलं एकाच कारागिराला, जॉर्ज बासला. आपल्याकडं दोन टेलरकडं टाकलेली दोन ब्लाऊजं शेवटी एकाच मशीनवर भेटतात, तसंच. पेटंट मात्र १७५८ मध्ये जॉन डॉलंडनं घेतलं. एवढं होऊनही त्या जोडभिंगात दोनच रंग एका जागी येतात. बाकीचे थोडे थोडे हुकतात, आणि त्यातला निळा-जांभळा आमच्या लिंबावर जाऊन बसतो.

आता एडिटिंग. सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट असते, तिच्यात टिक केली की रंगाची झालर जाते, असं म्हणतात. जाते ती फोटोच्या कोपऱ्यांतली. तिथं लाल आणि निळ्या चित्राचा आकार केसभर लहानमोठा पडलेला असतो. कॉम्प्युटर ते ताणून हिरव्यावर बसवतो, काम झालं. पण मधोमध जी किनार असते ती फोकसच्या चुकामुकीची. तिथं ताणून काय बसवणार? तिच्यासाठी वेगळे स्लायडर. जांभळा ओढा, हिरवा ओढा. मी ओढला. लिंब हिरवागार झाला, बटणं पांढरी झाली, व्याह्यांचा चष्मा सुधारला.

आणि मावशीची पैठणी विटली.

पैठणी जांभळी होती. येवल्याची नव्हे, पैठणला जाऊन घेतलेली. हे ती प्रत्येक पाहुण्याला सांगते, न विचारता. स्लायडर फक्त उजेड-अंधाराच्या कडेवरचा जांभळा शोधतो. ऊन पडून लखलखणारा जरीचा काठ आणि त्याला लागून गडद जांभळं रेशीम, याच्याइतकी झकास कड त्याला अख्ख्या लग्नात दुसरी सापडली नाही. काठाला लागून राखाडी पट्टा. पदरावरच्या बुट्ट्यांभोवती राखाडी वेटोळी. कोणता जांभळा भिंगानं फुकट दिला आणि कोणता मावशीनं पैसे मोजून आणला, हे त्या स्लायडरला कोण सांगणार?

मीच. सॉफ्टवेअरमधला ब्रश घ्यायचा, त्याचा डीफ्रिंज, म्हणजे किनार काढायचा स्लायडर, उणेमध्ये न्यायचा आणि साडीवर फिरवायचा, म्हणजे तेवढ्या भागाला सॉफ्टवेअर हात लावत नाही. उपाय सोपा आहे. फक्त मावशी प्रत्येक फोटोत आहे. हळदीत आहे, सप्तपदीत आहे, वराकडच्यांच्या ग्रुप फोटोतसुद्धा कडेला आहे. काही ठिकाणी तर नुसता पदर आहे. मी रात्ररात्र दोनशे टक्के झूम करून पदराच्या कडेकडेनं ब्रश फिरवत होतो. बायको पाठीमागं येऊन उभी राहायची. "काय बघायलेत एवढं?" "मावशीचा काठ." ती काही न बोलता आत जायची.

फोटो घेऊन मावशीकडं गेलो. तिनं चष्मा लावला, लॅपटॉप जवळ ओढला, पैठणी नीट न्याहाळली. रंग पसंत पडला. मग कौतुकानं मी तिला आधीचा आणि नंतरचा लिंब दाखवला, जांभळा कसा काढला ते सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं. मग आवाज खाली करून म्हणाली,

"मंग ह्या व्याह्यांच्या मिशा बघ की. मेंदीनं लालभडक करून आलेत. तेवढा लाल निघतो का?"

"मावशी, तो भिंगाचा नाही. त्यांचा स्वतःचाय."

"असू दे की. तू टिक कर त्या चौकटीत."