‘नॅट आहे, मग फायरवॉल कशाला?’ या संदेशाला उत्तर

वागळे इस्टेटपासून रबाळे-महाप्यापर्यंत लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय: ‘राउटरवर नॅट असतेच, आतले संगणक बाहेरून दिसत नाहीत, फायरवॉलवर पैसे घालवू नका.’ तो वाचून कोणी खर्च वाचवण्याआधी हे वाचावे. नॅट म्हणजे आतल्या संगणकांचे खासगी पत्ते राउटरने सार्वजनिक पत्त्यात बदलणे; फायरवॉल म्हणजे कोणती जोडणी जाऊ-येऊ द्यायची हे ठरवणारी चाळणी.

‘नॅट सुरक्षेसाठीच असते.’ नाही. १९९४ च्या आरएफसी १६३१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ते मांडले गेले, कारण आयपीव्ही४चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते संपत चालले होते. पत्ता बदलणे हे एक काम, कोणाला आत सोडायचे हे ठरवणे दुसरे. लिनक्समध्ये तर दोन्हींचे तक्तेच वेगळे आहेत, ‘नॅट’ आणि ‘फिल्टर’.

‘आतले दिसत नाही, म्हणून कोणी शिरत नाही.’ खरी गल्लत इथे आहे, कारण नॅट एकाच प्रकारचे नसते. एका सार्वजनिक पत्त्यामागे सगळे कार्यालय बसवणाऱ्या सोर्स नॅटमध्ये राउटर प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो. बाहेरून आलेल्या पॅकेटची (डेटाच्या तुकड्याची) नोंद नसेल, तर ते आतल्या कोणत्या संगणकाला द्यायचे हेच त्याला कळत नाही. संदेशातला ‘दिसत नाही’ एवढ्यापुरताच खरा. स्टॅटिक नॅटमध्ये एक बाहेरचा पत्ता एका आतल्या सर्व्हरला कायमचा जोडलेला असतो; नियमात ‘एनी’ (कोणताही) लिहिले की त्याचे सगळे पोर्ट, म्हणजे सेवांची क्रमांकित दारे, जगाला उघडे. डेस्टिनेशन नॅट, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग, तर मुद्दाम उघडलेली वाट. सीए घरून टॅली बघतात म्हणून ३३८९ (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट) फॉरवर्ड करायचे, मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून डीव्हीआरचा पोर्ट खुला करायचा आणि पासवर्ड कारखान्यातलाच ठेवायचा, हे आपल्या गाळ्यांत सर्रास चालते. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्यातले पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते. राउटरवरची यूपीएनपी ही सोय चालू असेल तर आतले उपकरण तुम्हाला न विचारताच पोर्ट उघडून घेते.

‘हल्ला बाहेरूनच येतो.’ फसव्या मेलमधली फाइल कर्मचाऱ्याने उघडली की जोडणी आतून बाहेर जाते, आणि नॅट तिची नोंद बिनबोभाट करते; मग हल्लेखोराचे उत्तरही आत येते.

‘आमच्याकडे इंटरनेटवालाच नॅट करतो.’ तुमच्या राउटरचा वॅन (इंटरनेटकडचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल, तर बहुधा तसेच आहे. पण त्याच जोडणीवर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) असेल, तर तिथे सहसा नॅट नसते. अडवणारा असतो तो फक्त फायरवॉलचा नियम.

आज राउटरचे पोर्ट फॉरवर्डिंगचे पान उघडा. ३३८९ दिसला तर काढा, सीएंना व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) द्या आणि यूपीएनपी बंद करा.