कॅपिटॉल ‘एकाच आराखड्यात’ उभं राहिलं नाही. लॅट्रोबची पत्रं वाचा

आर्किटेक्ट आणि बांधकामवाल्यांच्या ग्रुपवर एक मजकूर बराच फिरतो. त्याचा सारांश असा: वॉशिंग्टनचं कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकेचं संसद भवन, एका माणसाच्या एकाच आराखड्यावरून बांधलं गेलं. जेफरसनसारख्या जाणत्या राष्ट्राध्यक्षाने आर्किटेक्टला मोकळा हात दिला. पैशाची कटकट झाली नाही. स्वतंत्र नागरिकांनी देशप्रेमाने घाम गाळला. म्हणूनच ती वास्तू आजही जशीच्या तशी आहे. शेवटी आपल्याकडच्या सरकारी कामांना दोन टोमणे.

टोमणे ज्याने त्याने आपापल्या अनुभवावर तपासावेत. पण ही पाचही विधानं चुकीची आहेत, आणि त्याविरुद्धची साक्ष खुद्द त्या कामावरच्या माणसाने लिहून ठेवली आहे. बेंजामिन हेन्री लॅट्रोब हा इंग्लंडमध्ये शिकून अमेरिकेत गेलेला आर्किटेक्ट आणि इंजिनियर. मार्च १८०३ मध्ये जेफरसनने त्याला सार्वजनिक इमारतींचा प्रमुख नेमलं. सुरुवातीची काही वर्षं तो वॉशिंग्टनमध्ये राहतच नव्हता. कालव्याच्या आणि इतर कामांसाठी तो डेलावेअर, फिलाडेल्फियाकडे असायचा, आणि कॅपिटॉलचं काम साइटवरच्या जॉन लेन्थॉल या देखरेख करणाऱ्याला पत्रं लिहून चालवायचा. त्याच्याकडे पॉलिग्राफ नावाचं यंत्र होतं. एका लेखणीने लिहिलं की जोडलेली दुसरी लेखणी शेजारच्या कागदावर तेच उमटवते. या यंत्राची शिफारस त्याने जेफरसनलाही केली, आणि १८०४ पासून तोही ते वापरू लागला. त्यामुळे दोन्ही बाजूंची पत्रं टिकली.

आता एकेक विधान घेऊ.

‘एका माणसाचा एकच आराखडा.’ आराखड्याची स्पर्धा जिंकली विल्यम थॉर्नटनने, आणि तो होता डॉक्टर. त्याचं रेखाटन पाहून राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन खूश झाला, पण ते बांधता येईल का हे तपासायला स्टीफन हॅलेट या फ्रेंच आर्किटेक्टला बसवावं लागलं. त्याने इतकं काही बदललं की वाद झाला आणि १७९४ मध्ये त्याला काढलं. मग जॉर्ज हॅडफील्ड आला, १७९८ मध्ये तोही गेला. त्यानंतर जेम्स होबन. लॅट्रोब आला तेव्हा उत्तरेकडची बाजू तयार होती, आणि दक्षिणेकडच्या बाजूचं आधीच झालेलं काम इतकं कच्चं निघालं की त्याला ते पाडावं लागलं. प्रतिनिधिगृह त्याने तळमजल्यावरून उचलून वरच्या मजल्यावर नेलं, कारण समित्या आणि कचेऱ्यांना मूळ आराखड्यात जागाच नव्हती. थॉर्नटनला हे इतकं झोंबलं की छापील पत्रकबाजी सुरू झाली. शेवटी लॅट्रोबने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८१३ मध्ये तो जिंकला, भरपाई मिळाली एक सेंट.

‘जेफरसनने मोकळा हात दिला.’ हे वाचून मला सर्वांत वाईट वाटतं, कारण या दोघांच्या पत्रांमधलं खरं सोनं इथेच आहे. जेफरसन स्वतः हौशी आर्किटेक्ट होता. पॅरिसच्या धान्यबाजाराचा घुमट त्याने पाहिला होता. लाकडी फासळ्या आणि मध्ये काचेच्या पट्ट्या, त्यामुळे आत प्रकाशच प्रकाश. प्रतिनिधिगृहाला तसंच छप्पर हवं, असा त्याचा हट्ट. लॅट्रोब विनवत राहिला: छपरातल्या काचा गळतील, थंडीत आतून दव धरून सभासदांच्या डोक्यावर ठिबकेल, ऊन डोळ्यांवर येईल. त्यापेक्षा माथ्यावर उभ्या खिडक्यांची छोटी मेघडंबरी करू. जेफरसनचं उत्तर असं की ग्रीक-रोमन वास्तूंत मेघडंबरी कुठेच दिसत नाही. त्यावर लॅट्रोबने मे १८०७ मध्ये जे पत्र लिहिलं ते वास्तुकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावं. ग्रीक शैलीच्या बाबतीत मी कट्टर आहे, असं तो आधी कबूल करतो. मग म्हणतो की आपला धर्म, आपलं सरकार, आपली न्यायालयं, आपली करमणूक सगळंच वेगळं आहे. त्यांची देवळं आणि सभागृहं जशीच्या तशी उचलून आपलं भागणार नाही. देशाच्या अध्यक्षाला, आपल्या अन्नदात्याला, त्याने हे तोंडावर सांगितलं. निर्णय मात्र जेफरसनचाच झाला. शंभर काचा बसल्या, आणि छप्पर गळलं.

तरी दोघांची मैत्री तुटली नाही, हेही खरं. १८०९ मध्ये सिनेट बाजूच्या प्रवेशदालनात लॅट्रोबने मक्याच्या कणसांचे स्तंभशीर्ष बसवले. ते जुझेप्पे फ्रान्झोनी या इटालियन शिल्पकाराने कोरले होते. सभासदांनी माझ्या सगळ्या मोठ्या कामांपेक्षा या कणसांचं जास्त कौतुक केलं, असं त्याने निवृत्त जेफरसनला कळवलं आणि एक नमुना मॉन्टिसेलोला, म्हणजे जेफरसनच्या घरी, पाठवून दिला.

‘पैशाची कटकट नव्हती.’ काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, दर वर्षी रक्कम मंजूर करायची. १८०३ मध्ये पन्नास हजार डॉलर दिले. मंजुरी उशिरा आली की कामाचा हंगाम वाया, आणि कुशल पाथरवट दुसरीकडे निघून जाण्याची भीती. १८०७ चा खर्च मंजुरीच्या बाहेर गेला, तेव्हा एप्रिल १८०८ मध्ये जेफरसनने लॅट्रोबला कडक शब्दांत समज दिली: सार्वजनिक खर्चाचे एकमेव निर्णायक लोकप्रतिनिधी आहेत, त्यांना योग्य वाटतं त्याहून मोठं काम त्यांच्यावर लादता येत नाही. लोकशाहीत सरकारी बांधकाम कसं चालावं, याबद्दल यापेक्षा स्वच्छ वाक्य मला माहीत नाही.

काटकसरीची किंमतही त्याच वर्षी कळली. सिनेटखालच्या न्यायालयाच्या दगड-विटांच्या घुमटाकार छतासाठी लाकडी सेंटरिंगचा, म्हणजे छत पक्कं होईपर्यंतच्या आधाराचा, खर्च वाचावा म्हणून लेन्थॉलने रचनेत बदल सुचवला, आणि लॅट्रोबने तो मान्य केला. १९ सप्टेंबर १८०८ रोजी सेंटरिंग काढताना छत कोसळलं आणि लेन्थॉल खाली सापडून मरण पावला. ज्याच्या नावाने पत्रामागून पत्र गेलं, ज्याने ती वाचून दगडावर दगड ठेवून घेतला, त्याचं नाव त्या फिरत्या मजकुरात नाही. साइटवर उभं राहिलेल्या कुणालाही ही गोष्ट साधी वाटणार नाही.

‘जशीच्या तशी उभी आहे.’ २४ ऑगस्ट १८१४ ला ब्रिटिशांनी ती जाळली. दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या लॅट्रोबने पुढच्या वर्षी जेफरसनला लिहिलं की छपराच्या त्या काचा वितळून त्यांचे कित्येक पौंडांचे गोळे झाले आहेत. १८१७ मध्ये आयुक्ताशी भांडण होऊन त्याने राजीनामा दिला. मधला भाग चार्ल्स बुलफिंचने पुरा केला. आज फोटोत दिसतो तो ओतीव लोखंडाचा घुमट थॉमस वॉल्टरचा, १८५५ ते १८६६ या काळातला. पूर्वेकडचा दर्शनी भाग तर १९५८ नंतर पुढे वाढवून संगमरवरात नव्याने बांधला आहे.

‘स्वतंत्र नागरिकांनी बांधली.’ हे विधान नुसतं चुकीचं नाही, अन्यायाचं आहे. १७९२ मध्येच शहराच्या आयुक्तांनी गुलाम मजूर वर्षाच्या बोलीने भाड्याने घ्यायचं ठरवलं. मजुरी त्यांच्या मालकांना जायची. व्हर्जिनियातल्या अक्विया क्रीकच्या खाणींतून वालुकाश्म काढण्यात, लाकूड कापण्यात, विटा पाडण्यात हे लोक होते. कॅपिटॉलपासून जवळच राष्ट्राध्यक्षांचं घर बांधलं जात होतं. त्याच्या १७९५ च्या हजेरीपटात सुतार म्हणून पीटर, बेन, हॅरी आणि डॅनियल ही गुलामांची नावं आहेत, आडनावांशिवाय. पुढे घुमटावरच्या ‘स्वातंत्र्य’ मूर्तीचं काम क्लार्क मिल्सच्या ओतकामशाळेत झालं. तिथे फिलिप रीड हा गुलाम राबत होता. प्लास्टरच्या मूर्तीचे सांधे कुठे आहेत हे बाकी कुणाला उमगेना, तेव्हा कप्पी लावून ते मोकळे करण्याची युक्ती त्याची. रविवारच्या कामाचे सव्वा डॉलर त्याच्या हातात पडत, आठवड्याच्या इतर दिवसांचे मालकाच्या. एप्रिल १८६२ मध्ये वॉशिंग्टनमधल्या गुलामांना कायद्याने मुक्ती मिळाली आणि तो स्वतंत्र झाला. मूर्ती वर चढली २ डिसेंबर १८६३ रोजी.

तो मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे: निदान ‘स्वतंत्र नागरिकांनी’ हे वाक्य तरी त्यातून काढा, आणि त्या जागी लेन्थॉलचं आणि रीडचं नाव घाला.