खुलासा: गंजलेलं बेअरिंग तेलाने बरं होत नाही

मॉडेल विमानवाल्यांमध्ये ग्लो इंजिनाबद्दल (मॉडेल विमानाचं मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं छोटं इंजिन) मेसेज फिरतोय: "ग्लो इंजिनाचं बेअरिंग खरखरलं तर रॉकेलने धुऊन तेल सोडा, बदलायची गरज नाही." हे चूक आहे. आवाज थोडे दिवस दबतो, एवढंच. फोंड्यात घरी मी माझं इंजिन उघडलं, तर गोळ्यांवर तांबूस खड्डे होते. बोटाने फिरवलं की अडकत होतं. इंधनातलं मिथेनॉल हवेतली ओल ओढतं, त्यात आपला गोव्याचा पावसाळा! गंजाचे कण पुढे पिस्टन आणि लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) ओरखडतात.

बेअरिंग ठोकून मात्र काढू नका. स्वच्छ धुतलेला, रिकामा क्रँककेस (बेअरिंग ज्यात बसतं ते इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियमचं कवच) ओव्हनमध्ये साधारण १५० अंश सेल्सिअसला तापवा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरतं, त्यामुळे लाकडावर हलकेच आपटलं की बेअरिंग सुटतं. हातमोजे हवेतच. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.